खैरनारांची पंचवीस मिनिटं

मोहन खैरनार सौदीत सतरा वर्षं राहिले, पण अरबी त्यांना दोनच शब्द नीट यायचे. ‘वेन मकतूब?’ म्हणजे, कुठे लिहिलंय? भाजीवाल्यापासून प्लँटच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांपुढे त्यांनी हे दोन शब्द वापरले. आवाज कधी चढवला नाही. चष्मा कपाळावर सरकवायचा, मान थोडी पुढे काढायची आणि खरोखरच माहिती हवी असल्यासारखं विचारायचं, “वेन मकतूब?” समोरचा माणूस पहिल्यांदा हसायचा, मग वैतागायचा आणि शेवटी कागद शोधायला आत जायचा.

अल-खोबरला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. ते तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. दोघांची नोकरी एकाच पेट्रोकेमिकल कंपनीत, फक्त ते इन्स्ट्रुमेंट विभागाचे जुने इंजिनिअर आणि मी मेंटेनन्समध्ये त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. माणूस मूळचा नाशिकचा. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि पँटच्या खिशात मोजपट्टी. ती छोटी गुंडाळायची टेप ते रुमालासारखी जवळ बाळगत. लग्नाच्या जेवणाला गेले तरी.

छापलेलं जे काही हाताला लागेल ते वाचल्याशिवाय खैरनार पुढे सरकत नसत. फ्लॅटचा भाडेकरार बाकीच्यांनी पाच मिनिटांत सही करून घेतला. खैरनारांनी तो भाषांतर करून आणला, आणि अकराव्या दिवशी घरमालकाच्या एजंटाला दाखवलं की करारातल्या फ्लॅटच्या यादीत एकाच फ्लॅटचा नंबर दोनदा पडलाय आणि त्यांचा नंबर कुठेच नाही. एजंट म्हणाला, “मग तुम्ही राहताय कुठे?” खैरनार म्हणाले, “तेच विचारायला आलोय.”

त्यांच्या घरातल्या कुकरचं हँडल हमीची पाच वर्षं संपायला तीन आठवडे असताना तुटलं. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी म्हणाल्या, इथे चाळीस रियालला नवा कुकर मिळतो. खैरनारांनी तो कुकर सुट्टीला जाताना हातातल्या बॅगेतून नाशिकला नेला, हँडल बदलून घेतलं आणि परत आणला. दमामच्या विमानतळावर बॅग तपासणाऱ्याने शिट्टी हातात धरून बराच वेळ पाहिली. वहिनी दहा फूट लांब उभ्या होत्या. “मी यांच्याबरोबर नाही, असा चेहरा करून उभी होते,” असं त्या नंतर सांगायच्या.

आम्ही हसायचो. पण एकदा प्लँटमध्ये एका कामासाठी पाइपलाइन उघडायची होती, पाळीचा फोरमन घाईत होता आणि म्हणाला की नेहमीचंच काम आहे, यल्ला, चला, उघडा. खैरनारांनी विचारलं, प्रेशर उतरल्याचं कुठे लिहिलंय? परमिटवर त्या रकान्यात नुसती रेघ होती. फोरमन चरफडत परत गेला. गेज तपासलं तेव्हा लाइनमध्ये अजून भरपूर प्रेशर होतं, आणि फ्लँजच्या, म्हणजे पाइपच्या जोडाच्या, समोर रत्नागिरीकडचे दोन फिटर पाना लावून बसलेले होते. त्यानंतर ते दोघं दर ईदला शेवयांची पिशवी खैरनारांच्या दारात ठेवून जात. खैरनारांनी ही गोष्ट आपणहून कधी सांगितली नाही. मला ती फिटरांकडून कळली.

आता पार्किंगचं.

त्या काळात सौदीत बायकांना गाडी चालवता येत नसे. त्यामुळे ज्याची पाळी मोकळी असेल तो सगळ्यांच्या घरची कामं करायचा. माझी बायको अलका हिची अक्कलदाढ दुखत होती आणि मी नेमका दुपारच्या पाळीला. खैरनार म्हणाले, मी नेतो. सुनंदावहिनी सोबत निघाल्या. दवाखाना एका व्यापारी इमारतीत होता आणि मागे एका खाजगी कंत्राटदाराचं पार्किंग, दारावर साखळी आणि पत्र्याची टपरी. आत शिरताना वेळ लिहिलेली चिठ्ठी मिळायची. दवाखान्याचा शिक्का आणला तर एक तास फुकट. त्यापेक्षा जास्त थांबलात तर दोनशे रियाल दंड.

चिठ्ठीवर चार वाजून दहा मिनिटं पडली होती. दाढ निघाली चार पन्नासला. अलका गालात बोळा धरून काउंटरपाशी आली, खैरनार शिक्क्यासाठी चिठ्ठी पुढे करणार, एवढ्यात मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, बांग झाली. काउंटरवरच्या माणसाने खिडकी लावली आणि नमाजाला गेला. सौदीत हे रोजचंच, नमाजाच्या वेळी सगळं बंद. पंचवीस मिनिटांनी खिडकी उघडली, रांग लागली, शिक्का आणि औषधं घेऊन हे तिघं गाडीपाशी आले तेव्हा पाच अठ्ठावीस झाले होते.

टपरीतला पहारेकरी गुल जमान नावाचा पेशावरकडचा पठाण होता. त्याने चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, “साहब, अठारा मिनट ऊपर. दो सौ रियाल.”

खैरनारांनी चष्मा कपाळावर सरकवला. “कहाँ लिखा है?”

गुल जमानने पाटी दाखवली. तिथे खरंच लिहिलेलं होतं. हा प्रसंग खैरनारांच्या आयुष्यात क्वचित यायचा. त्यांनी पाटी दोनदा वाचली, मग म्हणाले, “एक तास लिहिलंय. पण कोणता तास, ते लिहिलेलं नाही.”

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. गुल जमानने खैरनारांच्या इकाम्याचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, नंबर वहीत उतरवला, काचेवर पिवळा कागद चिकटवला आणि साखळी सोडली. अलका मला नंतर म्हणाली, “माझं अर्धं तोंड बधिर होतं, नाहीतर मीच पैसे देऊन टाकले असते.”

आठवड्याभराने कंपनीच्या पत्त्यावर नोटीस आली. पंधरा दिवसांत दोनशे रियाल भरा, नाहीतर प्रकरण कोर्टात जाईल. नोटीस आणली आमच्या मंदूबने. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करून आणणारा कंपनीचा माणूस. सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात. इंजिनिअरला तो अरबीत मुहंदिस म्हणायचा. तो खैरनारांच्या टेबलावर बसला आणि म्हणाला, “मुहंदिस, दोनशे दे, खलास. कोर्टात नाव गेलं तर जवाजातच्या कॉम्प्युटरवर येईल. मग तुझा बाहेर जायचा व्हिसा अडकला तर मी काय करू?”

पासपोर्ट खात्याच्या कॉम्प्युटरवर असं खरंच येतं का, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून सगळे घाबरले. कारण खैरनारांची एकुलती एक मुलगी तिकडे नाशिकला, आठवा महिना लागलेला, पहिलं बाळंतपण. “पोरीचं माहेर नाशिकला आणि आई खोबरला,” असं सुनंदावहिनी रोज म्हणायच्या. दोघांची तिकिटं काढलेली होती. डिंक, खारीक, बदाम बांधून झाले होते. कोर्टाचं नाव निघालं आणि वहिनींनी बॅग भरायची थांबवली.

“अहो, भरून टाका ना,” त्या म्हणाल्या.

“चूक असती तर त्याच दिवशी भरले असते.”

“दोनशे रियालसाठी लेकीला एकटी ठेवणार का?”

“दोनशेचा प्रश्न नाही,” खैरनार म्हणाले आणि मोजपट्टी घेऊन बाहेर पडले.

ते त्या पार्किंगमध्ये गेले. तिथे फोटो काढणं धोक्याचं, कुणी हटकलं तर नसती भानगड. म्हणून त्यांनी साखळीची लांबी, दाराची रुंदी, टपरीपासून पाटीचं अंतर, सगळं मोजून आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. गुल जमानने टेपचं दुसरं टोक धरलं होतं. बिचाऱ्याला वाटलं, पार्किंग मोठं करणार आहेत. वर्तमानपत्रातलं त्या दिवशीचं नमाजाचं वेळापत्रक कापून नकाशाच्या कोपऱ्यात डकवलं. मग चार पानी इंग्रजी पत्र लिहिलं. कंपनीतल्या सुदानी दुभाष्याने त्याचं अरबी केलं. ते दीड पानात बसलं. खैरनारांना संशय आला की त्याने काहीतरी गाळलंय. “अर्धं पत्र तुमच्या क्षमायाचनेचं होतं,” दुभाष्या म्हणाला. “अरबीत ती एका शब्दात होते.”

पत्र पोचवलं, उत्तर आलं नाही. मुदतीचे चार दिवस उरले. एके दुपारी सुनंदावहिनी आमच्याकडे आल्या, चहा पुढ्यात गार होऊ दिला आणि म्हणाल्या, “अलका, माणूस वाईट नाही गं. पण आता मला त्यांची भीती वाटते.” त्या गेल्यावर अलका माझ्याकडे वळली. “माझ्या दाढेपायी झालंय हे. तुम्ही जाऊन भरून या. त्यांना सांगू नका.”

मी गेलो. गुल जमानला दोनशे दिले, त्याने वहीत माझी सही घेतली, पावती फाडली, मी ती पाकिटात खुपसली. येताना फार हलकं वाटलं. अलकाने वहिनींच्या कानावर घातलं आणि त्या रात्री वरच्या मजल्यावरून लाडू वळायची परात सरकवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खैरनार दारात. “पवार, पार्किंगच्या मालकाने साडेदहाला बोलावलंय. तुमचं अरबी माझ्यापेक्षा बरं आहे. चला.”

“मला आज पाळी आहे,” मी म्हणालो.

“नाही. तुमचं वेळापत्रक मी बोर्डावर वाचलंय.”

गाडीत सांगून टाकावं असं तीनदा वाटलं. तिन्ही वेळा त्यांनी सिग्नलला थांबून नकाशा नीट गुंडाळला आणि माझं तोंड उघडलं नाही.

मालकाला सगळे अबू फहद म्हणत. साठीचा, पिकल्या दाढीचा माणूस. त्याने कहवा ओतला, खजुराची थाळी पुढे केली. खैरनारांनी टेबलावर नकाशा उलगडला, कोपऱ्यांवर कहव्याचे पेले ठेवले. अबू फहदने नकाशाकडे कौतुकाने पाहिलं आणि मग रजिस्टर उघडलं. बोट फिरवत फिरवत थांबलं.

“मदफूअ,” तो म्हणाला.

“म्हणजे काय?” खैरनारांनी मला विचारलं.

“पैसे भरलेत म्हणतोय,” मी म्हणालो.

“कुणी?”

अबू फहदने रजिस्टर फिरवलं. तिथे इंग्रजीत माझं नाव होतं, पुढे मोबाइल नंबर, खाली सही. खैरनारांनी ते वाचलं. चष्मा खाली घेतला, पुन्हा वाचलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी खजूर उचलला आणि तो खायचा की ठेवायचा ते न कळून हातात धरून बसलो.

“मग झालं,” अबू फहद मोडक्या इंग्रजीत म्हणाला. “पैसे आले, कोर्ट नाही. तुला काय हवंय?”

“पैसे आले म्हणजे तुम्ही न लागणारे पैसे घेतले,” खैरनार म्हणाले. “आता जास्त अवघड झालंय. माझा एक प्रश्न आहे. चार बावन्न ते पाच सतरा तुमचा माणूस कुठे होता?”

गुल जमानला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. “साहब, मगरिब की नमाज पढने गया था.”

“आणि दार?”

“चेन पे ताला लगा के गया था.”

“त्या वेळात एखाद्याला गाडी बाहेर काढायची असती तर?”

“कैसे निकालता साहब? ताला था.”

खैरनारांनी नकाशातल्या साखळीवर पेन टेकवलं. “अठ्ठ्याहत्तर मिनिटांतून पंचवीस गेली, त्रेपन्न उरली. तास भरला नाही.” एवढंच बोलून ते खुर्चीला टेकले.

अबू फहदने नकाशातल्या साखळीवर बोट फिरवलं. मग म्हणाला, “म्हणजे मी नमाजाच्या वेळेचे पैसे घेतो, असं तू म्हणतोस?”

मी हातातला खजूर थाळीत परत ठेवला. खैरनार शांतपणे म्हणाले, “मी तसं म्हणणार नाही. तुम्ही घेणारे नाही, हे तुमच्याकडे बघून कळतं. पण तुमची पाटी घेते.”

अबू फहदने ओठांतल्या ओठांत देवाची क्षमा मागितली, खण उघडला आणि शंभराच्या दोन नोटा टेबलावर ठेवल्या. खैरनारांनी त्या उचलल्या नाहीत.

“लेखी द्या,” ते म्हणाले.

अबू फहद हसला ते इतकं, की बाहेरून गुल जमानने पुन्हा डोकं आत घातलं. मग त्याने कागद लिहिला, शिक्का मारला आणि वर म्हणाला, “मुहंदिस, नवी पाटी तूच लिहून दे.”

परतताना पहिल्याच सिग्नलला गाडी थांबली. मग खैरनारांनी दोन्ही नोटा माझ्या मांडीवर ठेवल्या. “तुमचे.”

“वहिनी घाबरल्या होत्या,” मी म्हणालो. “त्यांचा व्हिसा अडकला असता तर?”

“तिचा व्हिसा मी पिवळा कागद लागला त्याच्या दुसऱ्या दिवशीच मारून घेतलाय. पासपोर्ट मंदूबच्या कपाटात आहे.”

“आणि तुमचा?”

“माझा नाही मारला. भांडण अर्धवट टाकून गेलो तर पळाला म्हणतील. अडकलो असतो तर ती एकटी गेली असती. नातवंड काय, पुढच्या सुट्टीत पाहिलं असतं.” हे सांगताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या माणसालाही त्या पंधरा दिवसांत झोप लागली नसावी.

“मग वहिनींना सांगितलं का नाही?”

“तिने विचारलं नाही,” खैरनार म्हणाले. “ती रोज म्हणायची, पैसे भरा. व्हिसा झाला का, असं एकदाही म्हणाली नाही.”

हे उत्तर सुनंदावहिनींना कळलं तेव्हा काय झालं, ते आम्हाला दुसऱ्या मजल्यावर स्पष्ट ऐकू आलं. माझ्याशीही खैरनार आठवडाभर कामापुरतंच बोलले. जायच्या आदल्या दिवशी मात्र खाली आले, दारातच उभे राहिले. “पवार, तुम्ही मला विचारून भरायला हवे होते.”

“विचारलं असतं तर तुम्ही भरू दिले नसते.”

“नसतेच दिले,” ते म्हणाले, आणि आत येऊन चहा प्यायले. दोघं मिळूनच नाशिकला गेले. नात झाली.

ते परत येईपर्यंत नवी पाटी लागली होती, अरबी, इंग्रजी आणि उर्दूत. नमाजाची वेळ धरली जाणार नाही, असं. इंग्रजी मजकूर खैरनारांचा असल्यामुळे तो पाटीच्या अर्ध्या भागात पसरला होता आणि कुणीही पूर्ण वाचत नसे. गुल जमान सगळ्यांना तोंडीच सांगायचा.

पण बातमी पसरली. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी खैरनारांच्या दारासमोर चपला दिसायला लागल्या. कॅम्पमधले वेल्डर, शाळेतले मास्तर, कुणाचं भाडं, कुणाचा दंड, कुणाच्या कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, कापलेला पगार. वहिनी पोह्यांचं पातेलं मोठं करत गेल्या. खैरनार सगळ्यांचे कागद वाचत, पण बाजू सगळ्यांची घेत नसत. नागपूरचा एक इंजिनिअर आपली पावती घेऊन मोठ्या आशेने आला. इस्पितळासमोर रुग्णवाहिकेच्या जागेत गाडी लावल्याचा दंड होता. खैरनारांनी पावती वाचली, मागची बाजूही वाचली.

“किती वेळ होती गाडी?”

“दहाच मिनिटं.”

“भरा,” खैरनार म्हणाले. “आणि उद्याच भरा.” त्याला पोहे मात्र दिले.

तीन-चार वर्षांनी ते निवृत्त झाले. सामान आधीच जहाजाने गेलं होतं. दुपारच्या विमानाला सोडायला मी आणि अलका दमामला गेलो. वहिनी आणि अलका एकमेकींचे हात धरून रडत होत्या, आणि मी खैरनारांशी काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून वाक्य जुळवत होतो. वळून पाहिलं तर ते जागेवर नव्हते.

ते पलीकडे, कठड्यापाशी, एका मजुराच्या चादरीत बांधलेल्या गाठोड्यावर बसले होते. तो मजूर बहुधा कोकणातला, आल्यापासून पहिल्यांदाच घरी परत निघालेला, जायचा फॉर्म कसा भरतात ते विचारत होता. खैरनारांनी त्याचा फॉर्म गुडघ्यावर धरला होता. त्याच्या मागे आणखी एक जण उभा राहिला, मग तिसरा. बघता बघता आठ-नऊ जणांची रांग झाली, सगळ्यांच्या हातात कोरे फॉर्म आणि इतकी वर्षं कपाटात राहून कडक झालेले पासपोर्ट. त्यांच्या विमानाची सूचना झाली. वहिनींनी दोनदा हाक मारली. मी हात वर केला, अलकाने केला. खैरनारांनी मान वर केली नाही.

“वडिलांचं नाव सावकाश सांगा,” ते त्या मजुराला म्हणत होते. “घाई नाही. तुम्हाला टाकून विमान जात नाही.”